एन्ड्रेस हाउजर: ही दोन आडनावं नेमकी कुणाची?

वाळूजची_मावशी
नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याने इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलाय आणि पुढच्या आठवड्यात त्याची एका कारखान्यात मुलाखत आहे. कुठे ते सांगत नाही, दृष्ट लागते. तर परवा जेवताना विषय निघाला वाळूजच्या एन्ड्रेस हाउजरचा. टाकीतली पातळी, पाइपातला प्रवाह, दाब, तापमान मोजायची उपकरणं ते करतात इतकं आम्हां सगळ्यांना माहीत होतं. पुढे मात्र भांडण जुंपलं. आमचे हे म्हणाले, कंपनी जर्मन. शेजारचे काका म्हणाले, स्विस. भाचा म्हणाला, एन्ड्रेस हे पहिलं नाव आणि हाउजर आडनाव. मला वाटत होतं दोघे साडू असावेत, म्हणून पाटीवर दोन नावांच्या मधे अधिकचं चिन्ह.

जाणकारांनी उजेड पाडावा. कंपनी सुरू कुणी केली, कशी केली, आणि आज मालक कोण?

पोटॅशियम
साडू असते तर मधे वजाबाकीचं चिन्ह असतं.

राईनकाठचा_राजा
मावशी, तुमच्याकडचे तिघेही थोडे बरोबर आणि थोडे चूक आहेत. मी बाझलला राहतो, त्यामुळे लिहिणं भाग आहे.

दोन्ही आडनावंच आहेत. गेओर्ग एन्ड्रेस हा तरुण स्विस इंजिनियर, तेव्हा वय २९. लुडविग हाउजर हा जर्मन, वयाने जवळजवळ दुप्पट, लोराख गावातल्या सहकारी बँकेचा व्यवस्थापक. नातं काही नाही. १ फेब्रुवारी १९५३ ला दोघांनी लोराखमध्ये धंदा सुरू केला.

लोराख आहे जर्मनीत, पण बाझलला इतकं खेटून की सांगली-मिरज म्हणा, फक्त मधे देशाची हद्द. पलीकडे थोडं गेलं की फ्रान्स. इथल्या माणसाला एकाच दिवसात तीन देशांत काम असणं यात काही विशेष वाटत नाही. शनिवारी स्विस लोक स्वस्त किराण्यासाठी लोराखला येतात (आम्हीही). मिल्का चॉकलेटचा कारखाना त्याच गावात आहे. म्हणजे जन्म जर्मन मातीत, एक बाप स्विस, एक जर्मन. आज समूहाचं मुख्यालय बाझलशेजारी राइनाख इथे, स्वित्झर्लंडमध्ये. पातळी मोजणाऱ्या उपकरणांचं मोठं काम अजूनही लोराखजवळच्या माउलबुर्गला, जर्मनीत. काकांना आणि यजमानांना अर्धा-अर्धा पेढा द्या.

मिसळ_कमी_तिखट
बँकवाला भागीदार! म्हणजे एकाकडे डोकं आणि दुसऱ्याकडे गल्ला. आपल्याकडे बँकवाला फक्त जप्तीला येतो.

राईनकाठचा_राजा
आणखी एक गंमत राहिली. सुरुवातीला कंपनीच्या नावात एन्ड्रेस नव्हताच. नाव होतं एल. हाउजर केजी. दोघांची नावं जोडून आली ती पुढे.

पोटॅशियम
केजी म्हणजे किलोग्रॅम? मोजमापाच्या कंपनीला शोभतंय.

राईनकाठचा_राजा
@पोटॅशियम, केजी हा जर्मन भागीदारीचा एक प्रकार. त्यात निदान एका भागीदारावर अमर्याद जबाबदारी असते आणि बाकीच्यांची त्यांनी घातलेल्या पैशापुरती. पण तुमचा अर्थ जास्त चांगला आहे.

साखरसम्राट_नव्हे_फिटर
मी ३१ वर्षं साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला होतो. इतिहास मला माहीत नाही, पण १९५३ साली पातळी मोजण्यावर धंदा उभा राहील असं त्यांना का वाटलं असेल ते सांगू शकतो.

तुम्ही म्हणाल, टाकीत किती आहे हे बघायला काय अक्कल लागते? झाकण उघडा आणि पट्टी टाका. आम्ही हेच करायचो. मोलॅसिसच्या, म्हणजे मळीच्या टाकीवर रात्री दोन वाजता शिडीने चढायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात डिपची पट्टी. पट्टी वर काढली की तिला इतकं चिकटलेलं असायचं की खूण दिसायची नाही. पावसात तर शिडीच पाय धरू देत नसे. एका टाकीला फ्लोट होता, म्हणजे तरंगता गोळा आणि त्याला तार. तो बाजूच्या कडेला चिकटला आणि पॅनलवर काटा सहा तास एकाच जागी. ऑपरेटर खूश, की पातळी किती छान स्थिर आहे! सकाळी बघतो तर मोलॅसिस टाकीभोवतीचा बांध ओलांडून रस्त्यावर. मुकादमाची सायकल त्यात रुतली होती. कारखान्याचं नाव विचारू नका, ते साहेब अजून हयात आहेत.

सांगायचा मुद्दा, हलणारा भागच नको, टाकीत कुणी डोकवायलाही नको, आकडा आपोआप पॅनलवर यावा, ही त्या काळातली चैन नव्हती. गरज होती.

वाळूजची_मावशी
सायकल निघाली का हो काका?

साखरसम्राट_नव्हे_फिटर
निघाली. मुंग्या मात्र दोन महिने निघाल्या नाहीत.

कॅलिब्रेशन_कुलकर्णी
फिटरकाकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. एन्ड्रेस आणि हाउजर यांनी पहिल्यांदा काहीही बनवलं नाही, विकलं. इंग्लंडहून आलेली इलेक्ट्रॉनिक पातळीमापकं. तेव्हाचं इलेक्ट्रॉनिक म्हणजे व्हॉल्व्ह, पाइपातला नव्हे, रेडिओतला. ट्रान्झिस्टर कारखान्यापर्यंत पोचला नव्हता. आधी दुसऱ्याचा माल विकायचा, गिऱ्हाईक कुठे अडतं ते समजून घ्यायचं आणि मग स्वतःचं करायचं. थोड्याच वर्षांत त्यांनी स्वतःची उपकरणं काढली.

तत्त्व साधं आहे. टाकीत मधोमध एक उभी सळई. सळई आणि टाकीची धातूची भिंत हे कपॅसिटरचे दोन पत्रे समजा. मधे हवा असली तर धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, कमी. तेल भरलं तर साधारण दुप्पट, कारण तेलाचा परावैद्युतांक (हवेच्या मानाने धारिता किती पट होते तो आकडा) २ च्या आसपास. पाण्याचा ८० च्या आसपास! पातळी वर चढेल तशी धारिता वाढते, ती मोजली की पातळी कळली. हलणारा भाग एकही नाही. पाणी वीज वाहून नेतं म्हणून तिथे सळईवर प्लास्टिकचं आवरण लागतं, हा तपशील विसरू नका.

तोटाही सांगतो. टाकीतला माल बदलला की मोजमाप बिघडतं. आणि फिटरकाकांच्या मोलॅसिससारखं चिकट काही असेल तर सळईवर थर बसतो, टाकी रिकामी असली तरी उपकरणाला ती भरलेली वाटते. पुढच्या पन्नास वर्षांत पातळीमापनात जे जे आलं, कंप पावणारा चिमटा, अल्ट्रासॉनिक, रडार, त्यातलं बरंचसं याच चिकटपणावरचं उत्तर आहे.

नदीकाठची
कंप पावणारा चिमटा म्हणजे?

कॅलिब्रेशन_कुलकर्णी
स्वरकाटा, संगीतवाले ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो. छोटा, स्टीलचा. आतल्या पायझो स्फटिकाने (वीज दिली की थरथरतो तो) तो सतत थरथरत ठेवायचा. द्रवात बुडाला की थरथर मंदावते, तेवढ्यावर ‘भरलं’ असा इशारा मिळतो. यांच्या त्या उपकरणाचं नाव लिक्विफँट. शेवटी एलिफंट दडलेला आहे. तर्कशुद्ध जर्मन माणसालाही कधीकधी विनोद सुचतो.

रडारचा हिशेब मजेचा आहे. वरून लहर सोडायची आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पातळी काढायची. १० मीटर खाली जाऊन लहर परत यायला साधारण ६७ नॅनोसेकंद. एक मिलिमीटरचा फरक पकडायचा तर ७ पिकोसेकंदांच्या आतला वेळ ओळखायला हवा. टाकीवर चढलेल्या माणसाची पट्टी तिथे पोचत नाही.

साखरसम्राट_नव्हे_फिटर
पट्टी बिघडत नाही मात्र. वीज गेली तरी चालते.

कॅलिब्रेशन_कुलकर्णी
मान्य. म्हणूनच आजही प्रत्येक टँक फार्मवर एक पट्टी लपवून ठेवलेली असते.

लोखंडे_टूलरूम
विषय मोजमापाचा आणि घराण्यांच्या नावाचा निघालाच आहे तर आमच्या टूलरूमच्या देवाला विसरू नका. कार्ल एडवर्ड योहान्सन, स्वीडन, एस्किल्स्टुना गावातला रायफल कारखाना. जर्मनीच्या माउझर कारखान्यात गेलेला असताना मापाच्या ठोकळ्यांचा ढीग बघितला, प्रत्येक मापाला वेगळा ठोकळा. परतीच्या रेल्वेत विचार करत बसला: थोडेच ठोकळे असे निवडले की एकमेकांना जोडून हवं ते माप तयार होईल, तर? त्यातून १०२ ठोकळ्यांचा संच आला. १ ते २०१ मिलिमीटरमध्ये शतांश मिलिमीटरच्या पायरीने २० हजार मापं. घरी घासायला यंत्र नव्हतं, तर बायकोचं शिलाई मशीन बदलून घेतलं. आज ज्याला आपण स्लिप गेज म्हणतो ते हे. दोन ठोकळे घासून सरकवले की चुंबकासारखे चिकटतात, आम्ही त्याला रिंगिंग म्हणतो. जुने लोक अजून जो-ब्लॉक म्हणतात, तो ‘जो’ म्हणजे योहान्सन. १९२३ साली हेन्री फोर्डने त्याला अमेरिकेला बोलावून घेतलं.

नदीकाठची
शिलाई मशीनचं काय झालं? बायकोने काय शिवलं मग? या कथांमध्ये हे कुणी लिहीत नाही.

लोखंडे_टूलरूम
ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या घरचं उत्तर सांगतो: ‘माझ्या मशीनला हात लावून बघा.’

धरणगावकर
अवांतर होतंय, पण होऊ द्या. मोजमापाच्या कंपन्यांत आडनावांची रांगच आहे. योकोगावा: तामिसुके योकोगावा, मूळचा वास्तुविशारद, त्याने १९१५ साली टोकियोत विजेच्या मीटरांसाठी संशोधन संस्था काढली. विका: वीगांट आणि काखेल या दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं, १९४६. बूर्दाँ नळी, म्हणजे तुमच्या कुकरपासून बॉयलरपर्यंतच्या दाबमापकातली वाकडी नळी, ती पॅरिसच्या युजेन बूर्दाँची, १८४९.

पोटॅशियम
कुकरला दाबमापक कुठे असतं? आमच्याकडे शिट्ट्या मोजतात.

धरणगावकर
बरं, बॉयलरपासून. आता खूश?

मिसळ_कमी_तिखट
फॉक्सबोरो आणि रोझमाउंट राहिले की.

धरणगावकर
ती आडनावं नाहीत, गावांची नावं आहेत. दोन्ही अमेरिकेतली. अर्थात आपल्याकडे पुणेकर, कोल्हापूरकर ही आडनावंच असल्यामुळे तुमचा गोंधळ समजू शकतो.

ठसका
सगळ्यांचं वाचलं. माझा मूळ धाग्याशी संबंधित एक प्रश्न, थोडा खवचट. बँकवाला हाउजर आज आहे का मालकीत? मी ऐकलंय की नाही. मग नाव कशाला अजून? सरळ एन्ड्रेस म्हणा आणि मोकळे व्हा. हा ब्रँडचा खेळ आहे, त्यात भावना शोधू नका.

राईनकाठचा_राजा
ऐकलंय ते खरं आहे. हाउजर १९७५ साली गेला आणि त्यानंतर मालकी पूर्ण एन्ड्रेस कुटुंबाकडे आली. गेओर्ग आणि त्याची बायको अलिस यांना आठ मुलं. १९९५ साली मुलगा क्लाउस कंपनीचा प्रमुख झाला. २०१४ साली पहिल्यांदाच घराबाहेरचा माणूस, मथियास आल्टनडॉर्फ, त्या खुर्चीत बसला आणि क्लाउस वर संचालक मंडळाच्या अध्यक्षपदी गेला. गेओर्ग २००८ साली वारला. म्हणजे हाउजर जाऊन पन्नास वर्षं झाली आणि पाटीवर तो अजून आहे.

@ठसका, ब्रँड म्हणून ठेवलं असेल हे मीही नाकारत नाही. पण १९७५ साली ही आज इतकी मोठी कंपनी नव्हती. आज विक्री वर्षाला तीन अब्ज युरोंच्या वर आहे, तेव्हा नाव बदलणं आजच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडलं असतं. बदललं नाही.

ठसका
स्वस्त होतं म्हणून करायलाच हवं होतं असं नाही. आळसही असू शकतो. लेटरहेड छापलेली असतील.

वाळूजची_मावशी
ठसकाभाऊ, तुम्ही लग्नातल्या पत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या खाली कुणाकुणाची नावं घालता? वारलेल्या आजोबांचं पहिलं असतं की नाही? तिथे कोण म्हणतं ब्रँड?

ठसका
मावशी, तिथे नाव गाळलं तर आत्या रुसते. हाउजरची आत्या कुठे आहे?

नदीकाठची
मला ठसका यांचं पटतंही आहे आणि नाहीही. माझ्या माहेरी भागीदारीतलं दुकान होतं, दोन आडनावांचं. भागीदार गेल्यावर आमच्या लोकांनी सहा महिन्यांत पाटी रंगवून घेतली. पेंटरने जुनं नाव नीट खरवडलं नाही, पावसाळ्यात रंग उडाला की ते खालून डोकवायचं. भागीदाराची बायको त्या रस्त्याने जायची आणि वर बघायची नाही. मी लहान होते, पण ते लक्षात आहे. म्हणून इथे कुणी तरी पाटी रंगवली नाही हे वाचून बरं वाटलं. कारण काहीही असो.

मिसळ_कमी_तिखट
यावर विनोद करणार होतो. नाही करत.

घाटावरचा_घोडके
पुण्याच्या फोर्ब्स मार्शलचं नाव कुणी घेतलं नाही अजून? तिथेही दोन आडनावं, आणि चालवतं फोर्ब्स घराणं. वाफेच्या कामात त्यांचं नाव मोठं. योगायोग म्हणजे फ्लोमीटरसाठी (प्रवाह मोजायच्या उपकरणांसाठी) त्यांची भागीदारी जर्मनीच्या क्रोनेशी. क्रोने हेसुद्धा आडनावच, लुडविग क्रोने, डुइसबुर्ग, १९२१. म्हणजे तिथे आडनावं झाली तीन. लग्नपत्रिकाच.

आणि मावशी, जर्मन की स्विस यावर भांडू नका. वाळूजच्या कारखान्यात काम करणारा पैठणचा पोरगा जे मीटर जोडतो ते कुठल्या देशाचं म्हणायचं?

कॅलिब्रेशन_कुलकर्णी
पैठणचंच. पण मीटरवर ‘मेड इन’ काय छापलंय ते बघूनच एक्साइजवाला गप्प बसायचा.

एक गोष्ट राहिली. बाझल हे रसायन उद्योगाचं गाव. गायगी, सिबा, सँडोज, रोश. सगळ्यांच्या टाक्या हद्दीपलीकडे, काही किलोमीटरवर. ज्वालाग्राही, विषारी, दाबाखालचं असं त्यांत काय काय भरलेलं. झाकण उघडून पट्टी टाकणं तिथे जीवावरचं काम. माझ्या मते पातळी मोजायचा धंदा त्या पट्ट्यात मूळ धरतो यात नशिबापेक्षा भूगोल जास्त आहे. हा माझा तर्क, पुरावा मागू नका.

पोटॅशियम
आणि बँकवाल्याचं काय? तो का आला असेल?

कॅलिब्रेशन_कुलकर्णी
बँकेत बसून माणूस रोज काय करतो? कुणाच्या टाकीत किती आहे ते झाकण न उघडता ओळखतो.

साखरसम्राट_नव्हे_फिटर
कुलकर्णी साहेब, हे वाक्य मी चोरणार.

वाळूजची_मावशी
सगळ्यांचे आभार! भाच्याची मुलाखत काल झाली. मी त्याला हा अख्खा धागा वाचायला लावला होता. गेओर्ग, लुडविग, १९५३, लोराख, सगळं पाठ करून गेला. पण इतिहासाचं कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

पहिला प्रश्न: लूपमध्ये, म्हणजे उपकरणापासून पॅनलपर्यंतच्या तारांमध्ये, ४ ते २० मिलिअँपिअर का, ० ते २० का नाही? हे त्याला येत होतं. शून्य पातळीला ४ ठेवलं की तार तुटून ० आलं तर लगेच कळतं, टाकी रिकामी आहे की तार गेली हा घोळ होत नाही. दुसरा प्रश्न: कपॅसिटिव्ह सळई तेलाच्या टाकीसाठी कॅलिब्रेट केली आणि कुणी त्यात पाणी भरलं, तर काय दाखवेल? हा म्हणाला, जराशा पाण्यातच टाकी भरली असं दाखवेल, कारण तेल २ आणि पाणी ८०. साहेब म्हणाले, आणि सळईवर आवरण नसेल तर? हा म्हणाला, मग पाण्यातून वीज वाहील आणि मापच मिळणार नाही. कुलकर्णी साहेब, ‘हा तपशील विसरू नका’ लिहिलंत म्हणून वाचला तो.

ठसका
अभिनंदन. निकाल?

वाळूजची_मावशी
कळवतो म्हणालेत. फिटरकाका, तिसरा प्रश्न तुमचा निघाला. साहेबांनी विचारलं, पॅनलवर पातळी सहा तास हललीच नाही तर काय करशील? भाचा म्हणाला, आधी मुकादमाची सायकल बाजूला घेईन. साहेब हसले म्हणे, पण हसणं चांगलं की वाईट ते कळलं नाही त्याला.

साखरसम्राट_नव्हे_फिटर
त्या साहेबांचं वय काय होतं? चष्मा? उजव्या गालावर तीळ?